न भांडता मिळालेले भाषण

आमच्या फालेउता गावात बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. काळ्या खडकाच्या जमिनीत तारोकंद कसाबसा धरतो, पण शब्द म्हणाल तर बारमाही पीक. त्यातही लोसाचे नाव वेगळे घ्यावे लागते. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की चर्चच्या ओसरीवर चटया विणणाऱ्या बायकांचे हात थांबत, आणि तिच्याशी वाद घालायला आलेल्यांची तोंडे.

जन्मली तेव्हा तिचे नाव तालोसागा ठेवले होते, आणि ते मुलाचे म्हणून ठेवले होते. चालायला लागल्यावर हे मूल बहिणींच्या घोळक्यात जाऊन बसले ते तिथलेच झाले. घरात कुणी कपाळाला हात लावला नाही. अशा पोरांना आम्ही फाआफाफिने म्हणतो, बाईच्या रीतीने जगणारा मुलगा, आणि गावात दर चार घरांआड एक तरी असतेच. तालोसागाचा मधला तुकडा तेवढा उरला, आणि ती लोसा झाली.

पण घरात असणे वेगळे आणि चारचौघांत मान असणे वेगळे. म्हाताऱ्यांचे पाय चेपायला, भावंडांची पोरे सांभाळायला, लग्नात फुले बांधायला आणि लोकांना हसवायला फाआफाफिने सगळ्यांना हवी असते. गावाचा निर्णय करायला बसले की मात्र तिची आठवण कुणाला होत नाही. माझे हे म्हणणे गावातल्या काहींना झोंबेल. झोंबू दे.

लोसाने हसवण्याचेच काम मोठे केले. लग्न असो, बिंगो असो, शाळेच्या छपरासाठी वर्गणीचा नाच असो, माईक लोसाच्या हातात. मोठी फुले छापलेली पुलेतासी, म्हणजे लांब झगा नि खाली परकर, अंगात, कानामागे लाल जास्वंद आणि जिभेला हाड नाही. नवरदेवाच्या पोटापासून पाद्रीबाबांच्या लांबलचक प्रार्थनेपर्यंत ती कुणालाच सोडत नसे, आणि ज्याला सोडले त्याला वाईट वाटे.

चाळिशीत साखरेच्या दुखण्याने तिचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. हे दुखणे इथे घरोघरी आहे, त्यामुळे कुणी फार अचंबा केला नाही. राजधानीत, आपियाच्या इस्पितळात, डॉक्टर समजूत घालायला आले तेव्हा ती म्हणाली, "दुसरा तेवढा ठेवा, डॉक्टर. नखं रंगवायला काहीतरी हवं ना." डॉक्टर हसले. मग ती रात्रभर रडली, पण ते डॉक्टरांना दिसले नाही.

चाकांची खुर्ची घेऊन ती गावात परतली आणि एक विचित्र गोष्ट झाली. माणसे तिच्याशी हळू बोलू लागली. हळू, गोड आणि मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखे. जिच्याशी बोलताना पूर्वी लोक दोन पावले मागे सरत, तिच्या गालाला आता येताजाता हात लावत. लोसा मनातून जळत असे. तिने एखादा टोमणा मारला की समोरचा डोळ्यांत पाणी आणून म्हणे, "बघा, अजूनही किती छान बोलते." टोमणा मारल्यावर माणूस चिडला नाही तर मारणाऱ्याने करायचे काय?

आपियात अपंगांची एक संघटना होती. तिथल्या यानेता नावाच्या तरुण बाईने लोसाला इस्पितळातच हेरले होते. तिने लोसाला सभांमधून बोलायला उभे केले. उभे म्हणजे आपले म्हणायचे. लोसा बोलली की सरकारी साहेबसुद्धा फोन खिशात ठेवत. चर्चला पायऱ्याच का, बसचे दार एवढे उंच का, अपंग पोरीला घरात चटईवर ठेवून बाकीच्यांनी जत्रेला का जायचे, असे सरळ सवाल ती करी. फक्त यानेता तिला दर वेळी आडून सुचवायची की आज जरा साधी पुलेतासी घाला, फूल नको, लोकांचं लक्ष विषयावर राहील.

आणि फाआफाफिने मैत्रिणींची जी संघटना होती, तिच्या सौंदर्यस्पर्धेचा मंच असा उंच की लोसाला खाली ढोलवाल्यांच्या शेजारी बसवून माईक द्यायचे. "तू खालूनच गोड दिसतेस गं," मैत्रिणी म्हणायच्या.

"म्हणजे एका सभेला पाय घेऊन यायचं आणि फूल घरी ठेवायचं," लोसा एकदा दोन्ही संघटनांच्या एकत्र चहापानात म्हणाली, "आणि दुसऱ्या सभेला फूल घेऊन यायचं आणि पाय दाराबाहेर ठेवायचा. मी काय हप्त्याहप्त्यानं यायचं का? आख्खी लोसा कुणाला हवी असेल तर सांगा, नाहीतर मी आपली बिंगोला जाते." दोन्हीकडच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सभेला यानेताने पुन्हा साध्या पुलेतासीचे सुचवले, हा भाग वेगळा. लोसाने जास्वंदीची दोन फुले माळली.

त्या सुमारास लोसाचे मामा, सेउमालो, वारले. सेउमालो हे माणसाचे नाव नव्हे, घराण्याची पदवी. ती ज्याच्याकडे जाईल तो घराण्याचा वक्ता. पाहुणे आले की हातात पुरुषभर उंचीची काठी आणि खांद्यावर काथ्याचा झुबका घेऊन मैदानावर गावाच्या वतीने बोलायचे, हे त्याचे काम. मामांचे पाय लोसानेच वर्षानुवर्षे चेपले होते, आणि मामांना पाय चेपून घेताना भाषणे घोकायची सवय. कुठल्या घराण्याला कुठल्या शब्दाने हाक घालायची, कुणाच्या पूर्वजाची होडी कुठल्या खाडीत लागली, हे लोसाच्या बोटांतून आत उतरले होते. मामा चुकले की ती घोटा दाबून सांगे.

पदवी कुणाला द्यायची हे ठरवायला सगळे कुटुंब जमले. ऑकलंडहून मामांचा मुलगा रोपाती आला. भला माणूस, पण जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची झाली तरी त्याला घाम फुटतो. तरी सगळे त्याच्याच बाजूने. वक्त्याला उभे राहावे लागते, मैदान खडबडीत आहे, लोसाला ऊन सोसायचे नाही, साखर वाढेल, असे एकेक जण कळवळून सांगू लागला. तिच्या प्रकृतीची एवढी काळजी तिच्या डॉक्टरांनीही कधी केली नव्हती.

सिएपामावशी, म्हणजे वारलेल्या मामांची थोरली बहीण, हे सगळे ऐकत पंख्याने वारा घेत बसली होती. शेवटी तिने पंखा खाली ठेवला. "मघापासून ऐकतेय मी. तुमची अडचण पायाची आहे का परकराची? पायाची असेल तर खुर्चीला चाकं आहेत. परकराची असेल तर तोंडानं म्हणा तसं. पायाआड लपता कशाला?"

लोसा म्हणाली, "लपू दे गं मावशी. माझा उरलाय तो पाय एवढा जाडजूड आहे, चार जण आरामात मावतील."

हसू फुटले आणि प्रकरण संपले. थोरल्या बहिणीचा शब्द भावाच्या वंशाने मोडायचा नसतो. मोडला तर कुटुंबाला भोवतो, हे ऑकलंडलाही ठाऊक आहे. रोपातीने सुटकेचा श्वास टाकला आणि सगळ्यांत आधी लोसाच्या गळ्यात माळ घातली.

पदवी मिळाली त्या दिवशी गावजेवणात रीतीप्रमाणे डुकराची तंगडी वक्त्याच्या वाट्याला आली. लोसाने ती मांडीवर घेतली आणि म्हणाली, "एक गेला, एक आला. हिशेब फिटला." तिच्याशेजारी बसलेला उलुआवे हसला नाही. उलुआवे म्हणजे गावातला सगळ्यात थोरला वक्ता, सत्तरीचा, ताठ, आणि जीभ अशी की दोन गावांत वैर लावील आणि मिटवीलही. त्याने लोसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जप हो, बाळ."

बाळ! लोसाने मांडीवरची तंगडी खाली ठेवली.

गावाच्या सभागृहात प्रत्येकाचा एक खांब ठरलेला असतो. त्याला पाठ टेकून मांडी घालून बसायचे. लोसा खुर्चीतून उतरून आपल्या खांबाशी चटईवर बसे, कारण बाकी सगळे जमिनीवर असताना आपण उंच बसणे तिलाही पटत नसे. पाय लांब करून बसावे लागले तर त्यावर चटई ओढून घ्यायची, ही रीत. "मला अर्धीच पुरते," ती म्हणे. इथपर्यंत सगळे निभले. खरी परीक्षा मैदानावर व्हायची होती.

आमच्याकडे पाहुणे येऊन मैदानाच्या पलीकडे थांबले की गावाचे सगळे वक्ते काठ्या घेऊन एका रांगेत उभे राहतात. आणि मग भांडतात. पाहुण्यांशी नव्हे, आपसांत. आजचे भाषण कुणाचे? माझे, कारण माझे घराणे थोरले. छट, माझे, कारण पाहुण्यांची आजी माझ्या घरची. टोमणे, दाखले, जुनी उणीदुणी, सगळे निघते. जो हरला तो खाली बसतो. शेवटी जो एकटा उभा उरला तो बोलतो. कधीकधी भाषणाहून भांडणच असे रंगते की पाहुणे घरी जाऊन तेच सांगतात. न भांडता शब्द मिळतो तो बाहेरून आलेल्या बड्या पाद्र्याला, नाहीतर पांढऱ्या रविवारी, पोरांच्या सणाला, चर्चमध्ये बायबलमधली वचने म्हणणाऱ्या पोरांना. पोरे अडखळली तरी सगळे टाळ्या वाजवतात आणि आया डोळे पुसतात.

चर्चला नवे छप्पर घातले तेव्हा समुद्रापलीकडच्या सालेतागा गावचे पाहुणे आले. लोसाचा मैदानावरचा हा पहिला दिवस. तिने मामांची काठी घेतली, पुलेतासीवरून कमरेला झाडाच्या सालीचे नक्षीदार वस्त्र गुंडाळले, कानामागे जास्वंद खोचली. रोपातीने पाठवलेल्या जाड टायरची खुर्ची खडकाळ मैदानावर छान चालत होती. यानेता आपियाहून कॅमेरा घेऊन आली होती आणि चर्चच्या ओसरीवर सिएपामावशीजवळ बसली होती. लोसा मनातून खूश होती. आठवडाभर तिने भांडणाची तयारी केली होती. उलुआवेच्या आजोबांची एक जुनी फजिती तिने खास राखून ठेवली होती.

वक्ते रांगेत उभे राहिले. लोसाने रांगेच्या टोकाला, आपल्या पदवीच्या ठरल्या जागी, खुर्ची लावली आणि काठी जमिनीत रोवली.

उलुआवेने घसा साफ केला. सगळे मैदान कान देऊन ऐकू लागले. "आज मोठा दिवस आहे," तो मध घातल्यासारख्या आवाजात म्हणाला. "आजचं भाषण सेउमालोचं." आणि तो खाली बसला.

दुसरा म्हणाला, "सेउमालोचं." बसला. तिसराही बसला. चौथ्याने तर बसताना लोसाकडे पाहून मान तिरकी केली आणि स्मित केले, आजारी माणसाकडे पाहून करतात तसे.

ओसरीवर बायकांनी डोळे पुसले. यानेताचा कॅमेरा सुरू होता.

लोसाच्या कानशिलांपर्यंत आग चढली. हे ठरवून झाले होते, तिला कळायला वेळ लागला नाही. आता समोर दोन वाटा होत्या. मुकाट्याने बोलायचे, भाषण सुंदर होईल, टाळ्या पडतील, आणि मग मरेपर्यंत ती मैदानावरचे पांढऱ्या रविवारचे पोर. कुणी तिच्याशी कधी भांडणार नाही. नाहीतर दिलेला शब्द नाकारायचा, म्हणजे पाहुण्यांसमोर गावाच्या थोरांचा अपमान. त्याची शिक्षा साधी नव्हती. मैदान तिला कायमचे बंद होऊ शकले असते, आणि पदवी घराण्याकडे परत.

पाहुणे वाट पाहत होते. लोसाने खुर्ची गर्रकन वळवली, पाहुण्यांकडे पाठ केली आणि आपल्याच गावाच्या रांगेकडे तोंड केले.

"उलुआवे, गुडघे दुखतात का हो?"

म्हातारा चमकला. "नाही."

"मग बसलात का?"

"तुला मान दिला."

"मी मागितला होता?" लोसा म्हणाली. "माझा खांब शेवटचा, तुमचा पहिला. पहिल्या खांबानं शेवटच्या खांबाला न भांडता शब्द दिला, असं या मैदानावर कधी घडलंय? मामाला दिला होतात कधी? मामाच्या तर नाकी नऊ आणायचात. मी काय पोर आहे, वचन म्हणून दाखवते आणि तुम्ही खाऊ देणार?"

"सेउमालो, पाहुणे उन्हात आहेत," दुसरा वक्ता दबक्या आवाजात म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. पाहुण्यांनी बघायचं कुणाकडे? तुम्ही सगळे बसलात आणि मी तर जन्माची बसलेली. मैदानावर एक माणूस उभा नाही. गावाला बोलायचंच नाही असं समजून ते परत होडीत बसले तर?"

पलीकडून खुसखुस ऐकू आली. मग सालेतागाच्या म्हाताऱ्या वक्त्याने तिथूनच आवाज दिला, "आमची घाई नाही, फालेउता! तुमचं नीट होऊ द्या. छत्र्या आणल्यात आम्ही."

त्या एका वाक्याने लोसाचा जीव भांड्यात पडला. पाहुण्यांना भांडण हवे होते, आणि पाहुण्यांची इच्छा मोडायची नसते.

उलुआवे सावकाश उठला. उठावेच लागले. "बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर, मी थोरला आहे, म्हणून मला वाटतं, तुझी हरकत नसेल तर..."

"हे भांडण आहे का कुरवाळणं?"

आता मात्र पाहुणे मोकळेपणी हसले, आणि उलुआवेला राग आला. खरा राग. लोसाने तो चेहरा पाय गेल्यापासून पाहिला नव्हता. तिला काय बरे वाटले!

"कानामागून आली नि तिखट झाली," उलुआवे कडाडला. "तुझा मामा इथं छाती उघडी टाकून उभा राहायचा, अंगावर गोंदण, समुद्रावरून दिसायचा. आणि तू? फुलाफुलांची पुलेतासी घालून, जास्वंद खोचून आलीस. पाहुण्यांना वाटेल, छपराचा सोहळा नाही, बिंगो आहे. सेउमालोची पदवी घेतलीस, की लग्नातला माईक समजून उचललीस?"

ओसरीवर यानेता उठून उभी राहिली. "हे काय बोलतायत? थांबवा ना कुणीतरी," ती म्हणाली. सिएपामावशीने तिचा हात धरून तिला खाली बसवले. "गप गं पोरी. आत्ता कुठे रंगतंय."

"फूल कानामागं आहे, उलुआवे, जिभेवर नाही," लोसा म्हणाली. "आणि बिंगोचं म्हणाल तर तुमच्या धाकट्या सुनेच्या लग्नात चार तास माईक माझ्याच हातात होता. तेव्हा हे फूल तुम्हांला टोचलं नाही. फुकटात बोलत होते म्हणून? घरात चालते, लग्नात चालते, म्हाताऱ्यांचे पाय चेपायला चालते. मैदानावर आले की फूल दिसलं होय? मी जी घरात आहे तीच इथं आहे. दुसरी कुणी पाठवायला माझ्याकडे नाही."

"फुलाचं राहू दे. वक्ता उभा राहतो. बसला तो हरला, हे बापजाद्यांनी ठरवलं. तू तर बसूनच आलीस."

"म्हणजे मी घरूनच हरून आले म्हणा की. मग हरलेल्या माणसाला तुम्ही चौघे कसे हो हरलात?"

पलीकडे छत्र्या हलायला लागल्या. आमच्याही ओसरीवर हसू आवरेना. चौथा वक्ता, तो मान तिरकी करणारा, खाली मान घालून बसला होता.

लोसाने काठी आणखी घट्ट रोवली आणि आवाज उंचावला, आता सगळ्या मैदानासाठी. "ऐका. माझी काठी उभी आहे तोवर मी उभी आहे. मी ती मांडीवर आडवी ठेवली की मी बसले. माझ्यासाठी मैदानानं एवढं लक्षात ठेवावं. दया लक्षात ठेवू नये."

सभागृहाच्या दारात बसलेल्या गावाच्या थोरल्या सरदाराने काही म्हटले नाही. आमच्याकडे थोरल्याने काही म्हटले नाही की ते झाले. बसलेले तिघे वक्ते एकमेकांकडे पाहत उठले, कारण आता बसून राहण्यात शोभा नव्हती. आणि मग खरे जुंपले. दुसऱ्याला लोसाने त्याच्या आजोळावरून गप्प केले. तिसऱ्याने तिचे घराणे उपरे आहे असे काढले, तेव्हा तिने त्याच्या घराण्याची होडी कुठून, कुणाच्या उसन्या शिडावर आली तेच सांगितले. तो बसला, या वेळी खरोखर हरून, आणि बसताना त्याने तिला एक शिवीही हासडली. चौथा आपण होऊन बसला. उरली दोघे.

उलुआवे आता पेटला होता. "सालेतागाचा पहिला पूर्वज आपल्या खडकावर फुटक्या होडीतून लागला तेव्हा त्याला पाणी कुणी दिलं?"

"तुमच्या घरानं."

"तेव्हापासून या गावच्या पाहुण्यांना स्वागताचा शब्द कुणाचा?"

"तुमच्या घराचा. पण पुढे तुमच्या आजोबांनी त्यांच्याशी भांडण उकरून काढलं, त्यांच्या माणसाचं डोकं फोडलं, आणि माफी मागायला अंगावर चटई घेऊन पहाटे त्यांच्या दारात कोण बसलं? माझ्या मामाचा बाप. पाण्याचं नातं तुम्ही तोडलंत, चटईचं आम्ही जोडलं. शब्द तेव्हाच तुमच्या घरातून उठला."

हीच ती राखून ठेवलेली फजिती. सालेतागाच्या लोकांत कुजबुज झाली. म्हाताऱ्या वक्त्याने मान डोलावली. उलुआवेने काठी या हातातून त्या हातात घेतली. लोसाला वाटले, जिंकले.

"खरं आहे," उलुआवे म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला होता. "माझ्या आजोबांनी चूक केली, तुझ्या आजोबांनी ती पाठीवर घेतली. चटईचा शब्द तुझा. त्यांच्याकडे मयत झालं, रक्त सांडलं, माफी मागायची वेळ आली, तर मी तोंड उघडणार नाही, तू बोल. पण आज दुःखाचा दिवस नाही, सेउमालो. आज छपराचा दिवस आहे. आनंदाच्या दिवशी पाहुण्याला आधी काय देतात? चटई का पाणी?"

लोसाने मामांचे सगळे दाखले मनात उलथेपालथे केले. म्हातारा बरोबर होता, आणि मामांनीसुद्धा हेच सांगितले असते.

"पाणी," ती म्हणाली. "आजचं भाषण उलुआवेचं." आणि तिने काठी मांडीवर आडवी ठेवली.

उलुआवे त्या दिवशी असा बोलला की गेल्या कित्येक वर्षांत बोलला नव्हता. भांडणाने त्याचे रक्त तापले होते. पाहुण्यांपैकी काही जण रडले.

जेवणाच्या वेळी यानेता लोसाजवळ येऊन बसली. तिचा चेहरा पडला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मीच उलुआवेंना सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी तुम्हांला बोलू द्या म्हणून. सगळ्या बेटांना दिसलं असतं. आणि त्यांनी तुमच्या पायावरून, फुलावरून, सगळ्यांसमोर... आपण तक्रार करू या."

"कुणाची? तुझी का त्यांची?" लोसाने पालुसामीचा, नारळाच्या दुधात शिजवलेल्या तारोच्या पानांचा, घास तिच्या पानात वाढला. "खा आधी. तुझा कॅमेरा चालू होता ना? मग आहे की सगळं त्यात. लावून दाखव तुझ्या साहेबांना."

"पण तुम्ही हरलात त्यात."

"हो ना," लोसा म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "पाय गेल्यापासून मला हरवायची कुणी तसदीच घेतली नव्हती गं."

पलीकडून उलुआवे तोंडात घास असतानाच ओरडला, "ए सेउमालो! चटई आणि पाणी, एवढं साधं आठवलं नाही? मामानं पाय चेपून घेतले का नुसती झोप काढली?" तोच म्हातारा, सकाळपर्यंत तिला बाळ म्हणणारा.

"तुमच्या आजोबांची दुसरी एक भानगड शिल्लक आहे माझ्याकडे," लोसा तिथूनच ओरडली. "जास्त बोलाल तर जेवतानाच काढीन."

ती फीत यानेताने आपियात दाखवली. अपंगांच्या सभेत दाखवली, फाआफाफिने मैत्रिणींच्या सभेतही दाखवली, आणि दोन्हीकडे लोसा फूल माळून, आख्खीच्या आख्खी, बोलायला गेली. पहिल्या सभेत एक साहेब म्हणाले, किती धीराची बाई. लोसा म्हणाली, साहेब, कौतुक नको, वाद घाला, मला काही शिकता तरी येईल. साहेब घड्याळ पाहू लागले. मैत्रिणींनी मात्र त्याच संध्याकाळी मंच कसा खाली आणायचा यावर तिच्याशी असे कडाक्याचे भांडण केले की ती घरी आली तेव्हा तिचा घसा बसला होता.

पुढे ईस्टरला पलीकडच्या खाडीचे पाहुणे आले. त्यांचे नाते ना उलुआवेच्या पाण्याशी, ना सेउमालोच्या चटईशी. मैदान सगळ्यांना मोकळे. वक्ते रांगेत उभे राहिले. मागच्या वेळी मान तिरकी करून हसलेला चौथा वक्ता या वेळी सगळ्यांच्या आधी बोलला, आणि चांगला करवादून बोलला, "सेउमालो, उगाच वेळ खाऊ नकोस. काठी आडवी कर."

"तुझी कर," लोसा म्हणाली.

भाषण त्या दिवशी तिने केले. त्याआधी पाहुणे बराच वेळ उन्हात उभे होते.